गाटा३ काढलेल्या उंदराचा थायमस: पैदाशीपासून पेशींच्या हिशेबापर्यंत

जनुक-नियामक प्रथिन काढलं, थायमसमधल्या (छातीतल्या, टी पेशी घडवणाऱ्या अवयवातल्या) सीडी४ पेशी (सीडी४ ही खूण असलेल्या टी पेशी) घटल्या, म्हणजे सीडी४ पेशी त्या प्रथिनामुळे घडतात. एवढ्या सरळ अनुमानावर बरेच जण फसतात. आलेख बरोबर असतो, अर्थ चुकतो. कारणं बहुतेकदा तीनच असतात. जनुक नक्की कोणत्या टप्प्यावर कापलं गेलं आणि प्रथिन कधी संपलं हे तपासलेलं नसतं. टक्केवारीलाच पेशींची संख्या मानलेलं असतं. आणि क्री या जनुक कापणाऱ्या एन्झाइमचा स्वतःचा उपद्रव किती, हे मोजलेलंच नसतं.

पुढचा क्रम गाटा३ या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठी (म्हणजे जनुक-नियामक प्रथिनासाठी) आणि सी५७ब्लॅक६ वंशाच्या उंदरांसाठी लिहिला आहे. क्रम बदलू नका. विशेषतः काप तपासण्याचं काम शेवटी ढकलू नका. पहिल्या दोन-तीन उंदरांवर ते उरकूनच पुढच्या उंदरांना हात लावा.

१. क्री निवडणं: कोणत्या टप्प्याचा प्रश्न विचारायचा आहे?

गाटा३ सगळ्या शरीरातून काढलं तर भ्रूण गर्भावस्थेच्या अकराव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास मरतो, थायमस पाहायची वेळच येत नाही. म्हणून लॉक्सपी खुणांमध्ये (डीएनएवरच्या, क्री जिथे कापते त्या जागांमध्ये) पकडलेलं, म्हणजे फ्लॉक्स्ड जनुक वापरायचं आणि ते टी पेशींमध्येच कापायचं. हे प्रथिन टी पेशीच्या प्रवासात एकदाच नव्हे, अनेकदा लागतं: थायमसमध्ये आलेल्या अगदी सुरुवातीच्या पेशीला, मग बीटा-निवडीला (टी पेशीच्या रिसेप्टरची बीटा साखळी नीट बनली का, या चाचणीला), मग सीडी४ वाट धरताना. तेव्हा क्री बदलली की प्रश्नच बदलतो. पुढे डीएन म्हणजे सीडी४ आणि सीडी८ दोन्ही खुणा नसलेल्या पेशी (टप्पे डीएन१ ते डीएन४), डीपी म्हणजे दोन्ही असलेल्या; त्यानंतर पेशी यांतली एकच खूण ठेवते.

- व्हाव-आयक्री: रक्ताच्या सगळ्या पेशींत कापते. टी पेशींचा प्रवास मुळाशीच खुंटतो, सीडी४-सीडी८चा प्रश्न विचारायला पेशीच उरत नाहीत.
- एलसीके-क्री, जवळच्या प्रमोटरची (प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग): डीएन२-डीएन३ च्या सुमारास कापू लागते. बीटा-निवडीचा प्रश्न इथे.
- सीडी४-क्री: डीएन टप्पा संपता संपता सुरू होते, डीपी टप्प्यापर्यंत काप पुरा होतो. सीडी४ की सीडी८, हा प्रश्न इथे.
- एलसीके-क्री, दूरच्या प्रमोटरची: पॉझिटिव्ह निवडीनंतर (उपयोगी रिसेप्टर असलेल्या डीपी पेशी राखल्या जातात, त्यानंतर). घडून झालेल्या पेशींसाठी.

एलसीके-क्रीने गाटा३ काढलं तर पेशी बीटा-निवडीपाशी अडतात. सीडी४-क्रीने काढलं तर डीपी पेशी ठीकठाक तयार होतात, पक्व सीडी४ पेशी जवळपास नाहीशा होतात आणि सीडी८ पेशी मात्र टिकतात. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. एकावरून दुसऱ्याबद्दल बोलणं चूक.

सावधान: काही क्री उंदरांत बीजपेशींमध्येही काप होतो, व्हाव-आयक्री त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. मग पिल्लू जन्मतःच एक कापलेली प्रत घेऊन येतं. शेपटीच्या डीएनएवर फक्त फ्लॉक्स्ड आणि साधी प्रत ओळखणारे दोन प्रायमर पुरत नाहीत. कापलेली प्रत ओळखणारा तिसरा प्रायमर हवाच. शेपटीत थोडं रक्त असतं, त्यामुळे फिकट पट्टी दिसली तर घाबरू नका. ठळक दिसली तर ते पिल्लू बाजूला काढा.

२. पैदास आणि कंट्रोल

कमीत कमी तीन जातींचे कंट्रोल लागतात (तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना जनुकाच्या दोन प्रती; साधं म्हणजे लॉक्सपी नसलेली प्रत):

- फ्लॉक्स्ड/फ्लॉक्स्ड, क्री नसलेला. फ्लॉक्सिंगमुळेच जनुक मंदावलं आहे का, हे हा सांगतो.
- साधं/साधं, क्री असलेला. क्रीचा उपद्रव हा सांगतो. बहुतेक जण याच्यावाचून निभावून नेतात आणि परीक्षक नेमका हाच मागतो.
- फ्लॉक्स्ड/साधं, क्री असलेला. गाटा३ची अर्धी मात्रा पुरते का? माणसात या जनुकाची एक प्रत निकामी झाली तरी पॅराथायरॉइड, कान आणि मूत्रपिंड यांचे दोष होतात. तेव्हा अर्धी मात्रा म्हणजे 'नॉर्मल' असं गृहीत धरू नका.

फ्लॉक्स्ड/फ्लॉक्स्ड मादी आणि फ्लॉक्स्ड/साधं क्री नर ही जोडी लावली तर हवं ते पिल्लू चारात एक मिळतं, पण साधं/साधं क्री कंट्रोल या जोडीतून कधीच मिळत नाही. तो हवा असेल तर दोन्ही पालक फ्लॉक्स्ड/साधं घ्यायचे, क्री एकाकडेच ठेवायची. मग हवं ते पिल्लू आठात एक आणि हा कंट्रोलही आठात एक. पिंजरे जास्त लागतात, त्याला इलाज नाही. हा कंट्रोल वाचवण्यासाठी दुसऱ्या खोलीतला क्री उंदीर उसना घेतला तर वय, आतड्यातले जंतू आणि वंशपार्श्वभूमी असे तीन नवे फरक पदरात पडतात.

तपासा: कंट्रोल एकाच वेतातला, त्याच लिंगाचा, त्याच दिवशी कापलेला असावा. वय पाच ते सात आठवडे. त्यानंतर थायमस आक्रसू लागतो आणि प्रत्येक उंदरात तो वेगळ्या गतीने आक्रसतो.

भारतात हे काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. उंदीर जनुकीय बदल केलेले असल्याने जैवसुरक्षा समितीचीही लागते. अर्जात उंदरांची संख्या लिहिताना आठात एक हे प्रमाण धरूनच हिशेब मांडा. 'प्रयोगाला सहा उंदीर' लिहिलं आणि पैदाशीतले बाकीचे मोजलेच नाहीत, तर वर्षाच्या मध्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो.

३. आदल्या दिवशीची तयारी

बफर: पीबीएस, त्यात २ टक्के उष्णतेने निष्क्रिय केलेला गाईच्या गर्भाचा सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए. गाळून ४ अंशांवर ठेवा. पेशी सॉर्ट करून (मशीनने वेगळ्या काढून) वाढवायच्या असतील तर सोडियम अझाइड घालू नका.

पेशी रंगीत अँटिबॉडींनी रंगवून फ्लो सायटोमीटर या मशीनवर मोजायच्या आहेत. अँटिबॉडी दोन नळ्यांत वाटून घ्या.

पहिली नळी, उत्तरार्धासाठी (डीपी आणि पुढच्या टप्प्यांसाठी): सीडी४ (क्लोन आरएम४-५), सीडी८ अल्फा (५३-६.७), टीसीआर बीटा (टी पेशीच्या रिसेप्टरची बीटा साखळी; एच५७-५९७), सीडी२४ (एम१/६९), सीडी६९ (एच१.२एफ३), सीडी२५ (पीसी६१), मृत पेशींचा डाय आणि पेशीच्या आत गाटा३.

दुसरी नळी, डीएन टप्प्यांसाठी: सीडी२५, सीडी४४ (आयएम७), सीडी११७ (२बी८), आणि एकाच रंगात वगळायच्या अँटिबॉडींचा गट: सीडी४, सीडी८, टीसीआर बीटा, टीसीआर गॅमा-डेल्टा, बी२२०, सीडी११बी, सीडी११सी, जीआर-१, टीईआर-११९, एनके१.१.

रंग वाटताना एकच पथ्य: क्षीण खुणेला झगझगीत रंग द्यायचा. गाटा३ क्षीण असतं, त्याला पीई किंवा अलेक्सा ६४७ द्या. सीडी४ आणि सीडी८ भरपूर असतात, त्यांना कोणताही रंग चालतो. प्रत्येक अँटिबॉडी १:५० पासून १:१६०० पर्यंत दुपटीने पातळ करून पाहा आणि रंगलेल्या-न रंगलेल्या पेशी सर्वांत स्वच्छ वेगळ्या पडतात ती मात्रा धरा. कुपीवर छापलेली मात्रा थायमससाठी पुष्कळदा जास्त निघते.

सावधान: एनके१.१ची अँटिबॉडी सी५७ब्लॅक६ मध्ये चालते, बाल्ब/सी मध्ये नाही. वंश मिश्र असेल तर काही पिल्लांत वगळणी होईल, काहींत होणार नाही, आणि तो फरक तुम्ही जनुकाच्या नावावर लिहाल.

४. थायमस काढणं

उंदीर नव्या खोलीत आणला असेल तर निदान आठवडाभर थांबा. ताणामुळे शरीरातलं कॉर्टिकोस्टेरोन वाढतं आणि डीपी पेशी सगळ्यांत आधी मरतात. मग एकूण संख्या पडते, डीएन आणि पक्व पेशींची टक्केवारी आपोआप चढते. कंट्रोल उंदरातच डीपी ७५ टक्क्यांच्या खाली दिसली, तर त्या दिवशीच्या उंदरांवर विश्वास ठेवू नका.

१. मंजूर पद्धतीने उंदीर मारल्यावर छातीवर ७० टक्के अल्कोहोल फवारा. बरगड्या दोन्ही बाजूंनी कापून पिंजरा वर उचला.

२. हृदयाच्या वर दोन पांढऱ्या पाळ्या दिसतात. वाकड्या चिमट्याने खालून आधार द्या, भोवतालचा पडदा फाडा आणि अलगद उचला. पाळी चिमट्यात दाबू नका, वरच्या मोठ्या शिरा कापू नका.

३. ५ मिली थंड बफर असलेल्या ताटलीत ठेवा आणि ताटलीखाली काळा कागद घाला. कडेला चिकटलेल्या छोट्या, गोल, किंचित पिवळसर, घट्ट गाठी दिसतील. या थायमसलगतच्या लिम्फ गाठी. त्या काढायच्याच.

लिम्फ गाठींचा मुद्दा बारीक वाटतो, पण इथे अख्खा निकाल उलटू शकतो. गाठीत पक्व सीडी४ आणि सीडी८ पेशी ठासून असतात. कंट्रोलचा थायमस मोठा, त्यात एक गाठ राहिली तरी कळत नाही. जनुक काढलेल्याचा थायमस लहान असेल तर तीच गाठ त्याच्या पक्व पेशींतला मोठा वाटा होऊन बसते. जिथे पेशी नसायला हव्यात तिथे त्या दिसतात आणि 'दोष अर्धवट आहे' असा निष्कर्ष निघतो.

तपासा: थायमसच्या पेशींत बी२२० किंवा सीडी१९ असलेल्या पेशी साधारण एक टक्क्याच्या आत हव्यात. जास्त निघाल्या तर गाठ राहिली किंवा रक्त मिसळलं.

५. पेशी सुट्या करणं आणि मोजणी

७० मायक्रॉनच्या जाळीवर थायमस ठेवून सिरिंजच्या दट्ट्याने वरून दाबा. घासू नका, घासलं की पेशी फुटतात. जाळी दोन-तीन वेळा बफरने धुवा. ४०० जी वर ४ अंशांना ५ मिनिटं फिरवा आणि बरोबर १० मिली बफरमध्ये पेशी मोकळ्या करा. थायमसला लाल पेशी फोडायचा एसीके द्रव सहसा लागत नाही. प्लीहेला लागतो: १ मिली, एक ते दोन मिनिटं, लगेच १० मिली बफर.

पेशी चिकट, लोळागोळा झाल्या तर मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर आला आहे. अशा वेळी डीएनेज घालतात, पण आपल्या बफरात ईडीटीए आहे. ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय डीएनेज चालत नाही. त्यामुळे ती पायरी ईडीटीए नसलेल्या माध्यमात करा.

मोजणी इथेच, रंगवण्याआधी. ट्रिपान ब्लूमध्ये वीस पट पातळ करून हिमोसायटोमीटरवर चार मोठे चौकोन मोजा. सरासरी ६० आली तर:

६० × २० × १०,००० = १ कोटी २० लाख पेशी प्रति मिली. एकूण १० मिली, म्हणजे १२ कोटी.

तरुण सी५७ब्लॅक६ मध्ये १० ते २० कोटी अपेक्षित. कंट्रोलमध्येच ४ कोटी आल्या तर थायमस अर्धा जाळीत राहिला आहे, किंवा उंदीर ताणाखाली होता. पुढे जाण्याआधी कारण शोधा, कारण पुढचा प्रत्येक आकडा या एका आकड्याने गुणायचा आहे.

६. रंगवणं

पहिल्या नळीला २० ते ३० लाख पेशी घ्या, डीएनच्या नळीला ५० लाख ते १ कोटी. डीएन पेशी एकूण थायमसच्या तीन ते पाच टक्केच असतात आणि त्यातले अगदी पहिल्या टप्प्यातले, सीडी११७ ठळक असलेले पूर्वज, दहा हजारांत एक-दोन.

१. साध्या पीबीएसने दोनदा धुवा. सीरम अजिबात नको.

२. मृत पेशींचा डाय १:१००० पीबीएसमध्ये, ४ अंशांना अंधारात २० मिनिटं. हा डाय प्रथिनांनाच चिकटतो. सीरम उरला असेल तर सगळा डाय सीरम खातो आणि सगळ्याच पेशी जिवंत दिसतात.

३. बफरने धुवा. बाकीच्या अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नयेत म्हणून सीडी१६/३२ची अँटिबॉडी (२.४जी२) घालून १० मिनिटं.

४. न धुता पृष्ठभागाच्या अँटिबॉडी घाला. एकूण १०० मायक्रोलिटर, ४ अंश, अंधार, ३० मिनिटं. १ मिली बफरने दोनदा धुणं.

५. गाटा३साठी फॉक्सपी३ किटचा फिक्स-परमिएबिलायझेशन बफर, ३० ते ६० मिनिटं. त्यानंतरची सगळी धुणी परमिएबिलायझेशन बफरनेच. साधा बफर घातला की पेशीची छिद्रं पुन्हा मिटतात आणि अँटिबॉडी आत जात नाही.

६. गाटा३ची अँटिबॉडी खोलीच्या तापमानाला ४५ मिनिटं, दोनदा धुणं, बफरमध्ये मोकळं करून त्याच दिवशी मशीनवर.

सावधान: एकेका रंगाचे कंपेन्सेशन नमुनेही (एका रंगाचा उजेड दुसऱ्यात मिसळतो, त्याची वजाबाकी बसवायचे) फिक्सेशनमधून न्या. फिक्स केल्यावर जोडरंगांचा उजेड बदलतो. न फिक्स केलेल्या नमुन्यांवर बसवलेलं कंपेन्सेशन सीडी८ आणि सीडी४ च्या सीमेवर पेशींची खोटी शेपटी काढतं.

गाटा३साठी आयसोटाइप कंट्रोलवर (त्याच प्रकारच्या, पण गाटा३ न ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर) फार विसंबू नका. त्याच दिवशी, त्याच फिक्सेशनमधून नेलेल्या प्लीहेतल्या बी पेशी शून्याची पातळी जास्त प्रामाणिकपणे दाखवतात.

७. गेटिंग

गेटिंग म्हणजे आलेखावर चौकोन आखून हव्या त्या पेशी निवडणं. क्रम: वेळ, मग एकेकट्या पेशी, मग जिवंत, मग बाकीचं. आकाराच्या गेटमध्ये कंजुषी नको. बीटा-निवडीतून नुकत्याच सुटलेल्या पेशी विभाजनामुळे फुगलेल्या असतात. प्लीहेसाठी आखलेला लहान गेट इथे ठेवला तर नेमका तोच टप्पा बाहेर पडतो.

डीएनसाठी निदान १० लाख जिवंत पेशी नोंदवा. वगळणीच्या रंगात नसलेल्या पेशी घ्या आणि सीडी४४ विरुद्ध सीडी२५ मांडा: डीएन१ मध्ये फक्त सीडी४४, डीएन२ मध्ये दोन्ही, डीएन३ मध्ये फक्त सीडी२५, डीएन४ मध्ये दोन्ही नाहीत. डीएन४ हा चौकोन सगळ्यांत संशयास्पद. दोन्ही खुणा नसलेलं काहीही तिथे येऊन पडतं: सीडी८ नुकतं उगवू लागलेल्या पेशी, गॅमा-डेल्टा पेशी, वगळणीतून निसटलेला कचरा. 'डीएन४ वाढलं' असं दिसलं की आधी त्यातल्या किती पेशींच्या आत टीसीआर बीटा आहे ते रंगवून पाहा. बीटा-निवड पार केलेल्या खऱ्या डीएन४ पेशीत ते असणारच.

उत्तरार्धात दोन सापळे आहेत.

पहिला सीडी८च्या बाजूला. डीएनमधून डीपीकडे जाताना पेशीवर आधी सीडी८ येतं. त्या अपक्व पेशी सीडी४-सीडी८ आलेखावर पक्व सीडी८ पेशींच्याच जागी बसतात. फरक इतकाच की त्यांचं सीडी२४ ठळक आणि टीसीआर बीटा अगदी कमी असतं. पक्व सीडी८ मोजायच्या तर टीसीआर बीटा ठळक, सीडी२४ कमी एवढ्याच मोजा. एलसीके-क्रीच्या उंदरात ही चूक महागात पडते. डीपीकडची वाट अडली की या अपक्व पेशींचा वाटा वाढतो आणि 'सीडी८ पेशी वाढल्या' असं भलतंच निघतं.

दुसरा सापळा सीडी४च्या बाजूला, आणि गाटा३साठी तो अधिक घातक. पॉझिटिव्ह निवड झालेली पेशी, मग ती पुढे सीडी८ होणार असली तरी, आधी सीडी४ ठळक आणि सीडी८ कमी अशा अवस्थेतून जाते. गाटा३ नसलं तरी ही मधली अवस्था तयार होते. सीडी४चा चौकोन सैल काढला की या मधल्या पेशी पक्व सीडी४ म्हणून मोजल्या जातात आणि दोष झाकला जातो. चौकोनाची कड डोळ्याने न ओढता सीडी८च्या एफएमओ नमुन्यावरून (सीडी८ सोडून बाकी सगळे रंग घातलेल्या) ठरवा, मग टीसीआर बीटा ठळक, सीडी२४ कमी ही अट लावा. सीडी२५ असलेल्या नियामक पेशी वेगळ्या काढा. एनकेटी पेशीही याच चौकोनात येतात, सीडी१डी टेट्रामर (त्यांना ओळखणारा रंगीत रेणू) असेल तर त्याही वगळा.

तपासा: सीडी६९ विरुद्ध टीसीआर बीटा हा आलेख स्वतंत्र काढा. दोन्ही कमी, मग सीडी६९ वर आणि टीसीआर मध्यम, मग दोन्ही ठळक, मग सीडी६९ खाली आणि टीसीआर ठळक, अशा चार पायऱ्या दिसतात. यात सीडी४ आणि सीडी८ लागतच नाहीत, त्यामुळे निवड थांबली की निवडीनंतरची वाट चुकली हे वेगळं कळतं.

८. काप आणि प्रथिन, दोन्ही तपासणं

हे काम पहिल्या दोन-तीन उंदरांवर.

डीएन३, डीपी, पक्व सीडी४ आणि पक्व सीडी८ पेशी प्रत्येकी ५० हजार ते १ लाख सॉर्ट करा, डीएनए काढा. फ्लॉक्स्ड एक्सॉनवर (जनुकाच्या कापायच्या तुकड्यावर) आणि दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एखाद्या स्थिर जागेवर क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी पद्धत) करा आणि क्री नसलेल्या भावंडाच्या त्याच टप्प्यातल्या पेशींशी तुलना करा. समजा डीपीमध्ये एक्सॉन ३ टक्के उरला आणि उरल्यासुरल्या पक्व सीडी४ मध्ये ४० टक्के. याचा अर्थ त्या सीडी४ पेशी गाटा३शिवाय घडलेल्या नाहीत. त्या कापातून निसटलेल्या आहेत. प्लीहा आणि लिम्फ गाठींत तर निसटलेल्या पेशी मोकळी जागा पाहून वाढत जातात, म्हणून 'परिघात सीडी४ पेशी आहेत, तेव्हा गाटा३ लागत नाही' हे वाक्य या तपासणीशिवाय लिहूच नये.

जनुक कापलं म्हणजे प्रथिन संपलं असं नाही. प्रथिन मोडून आणि विभाजनात वाटलं जाऊन कमी होतं, आणि बहुतेक डीपी पेशी विभाजन थांबवून बसलेल्या असतात. म्हणून टप्प्याटप्प्याने गाटा३ची तीव्रता पाहा. कंट्रोलमध्ये ते डीपीत कमी असतं, निवडीनंतर सीडी४ वाटेवर चढतं आणि सीडी८ पेशींत पुन्हा उतरतं. हा चढ कंट्रोलमध्ये दिसत नसेल तर रंगवणं फसलं आहे, जनुक काढलेल्याकडे बघूसुद्धा नका.

सावधान: काप झाला की चमकणारा वायएफपी किंवा टीडीटोमॅटो रिपोर्टर सोयीचा, पण तो फक्त स्वतःचा काप सांगतो. एका जागेचे लॉक्सपी झटकन कापले जातात, दुसऱ्या जागेचे रेंगाळतात. चमकणाऱ्या पेशीत गाटा३ शाबूत असू शकतं. तसंच, तुमची अँटिबॉडी उरलेल्या तुटक्या प्रथिनाला चिकटते का, हे ती कोणत्या भागावर बनवली आहे त्यावरून आधी पाहून घ्या.

९. आकडे वाचणं

टक्केवारी आणि संख्या शेजारी शेजारी मांडा. बीटा-निवड अडलेल्या उंदराचं उदाहरण घ्या. कंट्रोलमध्ये १२ कोटी पेशी, डीएन ४ टक्के: ४८ लाख. जनुक काढलेल्यात ३ कोटी पेशी, डीएन १६ टक्के: तेही ४८ लाख. टक्केवारी चौपट झाली, पेशी एकही वाढली नाही. इथे 'डीएन पेशी साचल्या' असं लिहिणं चूक, 'डीपी पेशी घडल्या नाहीत' हे बरोबर. साचणं म्हणायचं तर संख्या वाढलेली दिसली पाहिजे.

एलसीके-क्रीच्या काही उंदरांत निव्वळ क्रीमुळे थायमस लहान होतो. साधं/साधं क्री कंट्रोल नसेल तर १२ आणि ३ कोटींमधला किती फरक गाटा३चा, हे सांगताच येत नाही.

सीडी४ पेशी नाहीशा झाल्या, तर त्या मेल्या की सीडी८ कडे वळल्या? सीडी८ची संख्या नुसती वाढली यावरून ठरवू नका. बीटा२-मायक्रोग्लोब्युलिन नसलेल्या उंदराशी संकर करा. तिथे एमएचसी-१ (नेहमीच्या सीडी८ पेशी ज्याला ओळखतात ते प्रथिन) नसल्याने नेहमीच्या सीडी८ पेशी जवळपास घडतच नाहीत, त्यामुळे ज्या दिसतील त्या वाट बदललेल्या. थपॉक नावाचं दुसरं नियामक प्रथिन काढलं की एमएचसी-२ ओळखणाऱ्या, एरवी सीडी४ होणाऱ्या पेशी उघडपणे सीडी८ होतात. गाटा३ हे थपॉकच्या आधी काम करतं आणि थपॉक परत घातलं तरी गाटा३ची उणीव भरून निघत नाही. म्हणून दोन्ही उंदरांत 'सीडी४ कमी' हेच दिसत असलं तरी दोष एकच नव्हे.

संख्याशास्त्रात एकक उंदीर आहे. एका थायमसच्या तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. जोड्या वेगवेगळ्या वेतांतून घ्या आणि जोडीने तुलना करा.

१०. दोष पेशीचा की परिसराचा: मिश्र अस्थिमज्जा

सीडी४५.१ आणि सीडी४५.२ ही एकाच खुणेची दोन रूपं; पेशी कोणाची हे त्यांवरून कळतं. यजमान: सीडी४५.१/४५.२ संकर. दाते: सीडी४५.१ साधा आणि सीडी४५.२ गाटा३ काढलेला, समान प्रमाणात. दोन्ही मज्जांतून पक्व टी पेशी आधी काढून टाका. यजमानाला एकूण ९५० ते ११०० सेंटीग्रे किरणांचा मारा, तीन-चार तासांच्या अंतराने दोन भागांत. मग शिरेतून ३० ते ५० लाख पेशी. सुरुवातीचे काही आठवडे पाण्यातून अँटिबायोटिक, आठ आठवड्यांनी तपासणी.

चूक होते ती हिशेबात. १:१ टोचलं म्हणजे १:१ रुजलं असं नसतं. प्रत्येक उंदरात पक्व सीडी४ मधल्या ४५.२ : ४५.१ गुणोत्तराला त्याच उंदराच्या डीपीमधल्या गुणोत्तराने भागा. डीपीत १.५ आणि सीडी४ मध्ये ०.०६ आलं तर भागाकार ०.०४. हाच आकडा छापण्याजोगा. शेजारी सीडी४५.१ साधा आणि सीडी४५.२ साधा-क्री अशी कंट्रोल जोडी हवीच, कारण ४५.१ आणि ४५.२ मज्जांची ताकद मुळात अगदी सारखी नसते.

११. गाटा३ऐवजी दुसरं प्रथिन असेल तर

क्रम तोच, पण एक प्रश्न आधी विचारा: ज्या खुणांवरून टप्पे ओळखायचे, त्याच या प्रथिनाच्या ताब्यात आहेत का?

रनएक्स३ सीडी८ पेशींत सीडी४ जनुक बंद ठेवतं. ते काढलं की सीडी८ वाटेच्या पेशी दोन्ही खुणा घेऊन फिरतात आणि आलेखावर डीपीसारख्या दिसतात. टीसीआर बीटा ठळक आहे का ते पाहिलं तरच उमगतं.

बीसीएल११बी काढलं की पेशी डीएन२ च्या आसपास थबकतात आणि त्यातल्या काही एनके पेशींसारख्या होतात, एनके१.१ही दाखवतात. वगळणीच्या गटात एनके१.१ असेल तर तुम्ही स्वतःचा निकालच वगळलात. तिथे ते स्वतंत्र रंगात घ्या.

सॅटबी१, ज्यावर पुण्यातल्या प्रयोगशाळांनी पुष्कळ काम केलं आहे, ते सीडी२५चं जनुक दाबून ठेवतं. ते नसलं की डीपी पेशींवरही अवेळी सीडी२५ येऊ शकतं, तेव्हा सीडी२५चा गेट सीडी४-सीडी८ वगळल्यानंतरच लावा, आधी नाही. सगळ्या शरीरातून सॅटबी१ काढलेली पिल्लं तीन आठवड्यांच्या सुमारास दगावतात. त्यांचा थायमस दुसऱ्या आठवड्यातच काढावा लागतो आणि कंट्रोलही त्याच वयाचा लागतो. पाच-सात आठवड्यांचे जुने आकडे तिथे उपयोगाचे नाहीत.